हवाईच्या मोठ्या बेटावरील दोन लुआऊ

बुधवार

हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाईच असल्यामुळे तिथले रहिवासी त्याला सरळ ‘बिग आयलंड’ म्हणतात. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोना येथे आम्ही दुपारी उतरलो. १८०१ साली हुआलालाई ज्वालामुखीतून निघालेला लाव्हा समुद्रापर्यंत वाहत आला होता आणि त्याच्याच थिजलेल्या काळ्या थरावर हा विमानतळ बांधलेला आहे. भिंती नसलेली, उतरत्या छपरांची दालने आणि त्यांतून मोकळा वाहणारा खारा वारा एवढाच त्याचा पसारा असल्यामुळे विमानातून उतरताच आपण बाहेर, उघड्यावर असतो.

पुतण्या गाडी घेऊन आला होता. तो वाइमेआ गावात राहतो आणि मावना केआ पर्वतावरील एका वेधशाळेच्या कार्यालयात काम करतो. हवाईला येऊन लुआऊ, म्हणजे तिथली पारंपरिक मेजवानी, न पाहता परतणारा पर्यटक विरळाच, म्हणून आम्हीही कोनाच्या एका हॉटेलातील कार्यक्रमाची तिकिटे आधीच काढून ठेवली होती. पुतण्याने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, तो उद्या बघाच. पण शनिवारी आमच्या शेजारच्या अंकलच्या नातवाचा पहिला वाढदिवस आहे. त्यांनी तुम्हा दोघांनाही बोलावलंय.” तिथे वडीलधाऱ्या माणसाला, ओळखीचा असो वा नसो, अंकल किंवा आंटी म्हणण्याचीच रीत आहे आणि नावाने हाक मारणे उद्धटपणाचे समजतात.

रस्ता आधी बराच वेळ काळ्या ओसाड लाव्हातून जातो आणि मग अचानक चढू लागतो. वाइमेआ उंचावर असल्यामुळे संध्याकाळी तिथे स्वेटर लागला. या गावावर उतरणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यापावसाला ‘किपुउपुउ’ असे स्वतःचे नाव आहे.

गुरुवार

लुआऊला जाण्यापूर्वी पुउहोनुआ ओ होनाउनाउ पाहावे, असा पुतण्याच्या बायकोचा आग्रह होता आणि तो किती योग्य होता हे संध्याकाळी कळले. कोनाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या लाव्हाच्या एका सपाट जिभेवर हे अभयस्थान आहे. सुमारे हजार फूट लांब, बारा फुटांपर्यंत उंच आणि सतरा-अठरा फूट रुंद अशी एक भिंत चुन्याचा कणही न वापरता नुसते दगड रचून उभी केलेली आहे. भिंतीच्या एका बाजूला राजाचे आवार होते आणि दुसऱ्या बाजूला अभय मिळत असे. जुन्या हवाईत ‘कापू’ नावाची निषेधांची कडक व्यवस्था होती. राजाची सावली कुठे पडावी इथपासून कोणी काय खावे इथपर्यंत सर्व गोष्टी तिने बांधलेल्या होत्या आणि तिचा भंग करणाऱ्याला बहुधा मृत्युदंड होई. मात्र गुन्हेगार पाठलाग चुकवून, प्रसंगी खाडी पोहून या भिंतीआड पोचला, तर पुरोहित त्याची शुद्धी करीत आणि तो निर्दोष होऊन घरी जाई.

खाण्याचे कापू स्त्रियांवर सर्वांत जाचक होते. डुकराचे मांस, नारळ, केळ्यांच्या बहुतेक जाती आणि काही मासे त्यांना वर्ज्य होते. स्त्री-पुरुषांची जेवणघरे वेगळी होती, इतकेच नव्हे तर अन्न शिजवण्याचे खड्डेही वेगळे होते. स्वयंपाक पुरुषच करीत, पण म्हणून बायकांना त्यांच्या शेजारी बसून जेवता येत नसे. आपल्याकडेही घरच्या बायकांची पंगत शेवटी बसे आणि ती फार जुनी गोष्ट नव्हे, त्यामुळे माहितीफलक वाचताना माझी पत्नी जरा जास्त वेळ रेंगाळली यात नवल नाही.

हे सारे जिथे मोडले ती जागा आमच्या संध्याकाळच्या लुआऊच्या अगदी लगत होती. कैलुआ-कोना गावातल्या कामाकाहोनु या छोट्या खाडीकाठी पहिल्या कामेहामेहा राजाचे अखेरचे वास्तव्य होते. सर्व बेटे एका छत्राखाली आणणारा हा राजा मे १८१९ मध्ये तिथेच वारला. त्याचे आहुएना मंदिर, गवताने शाकारलेल्या कुट्या आणि उभ्या काष्ठमूर्तींसह पुन्हा बांधलेले, पाण्याच्या कडेला आजही दिसते. राजाच्या मागे त्याची लाडकी राणी काआहुमानु आणि गादीवर आलेल्या लिहोलिहोची आई केओपुओलानी या दोघींनी कापू मोडण्याचा पक्का निर्धार केला. केओपुओलानीने आधी आपल्या धाकट्या मुलाला घेऊन एकत्र जेवण केले. मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मोठी मेजवानी झाली, तिच्यात तरुण राजा लिहोलिहो स्त्रियांच्या बाजूला जाऊन बसला आणि सर्वांदेखत जेवला. लगोलग मंदिरे मोडण्याची आज्ञा निघाली आणि जुन्या धर्माच्या बाजूने उभा राहिलेला त्याचा चुलतभाऊ केकुआओकालानी डिसेंबरात कुआमोओच्या लढाईत मारला गेला. अमेरिकेहून निघालेले पहिले मिशनरी एप्रिल १८२० मध्ये आले, तोवर त्यांनी मोडायचे ते राजघराण्याने आधीच मोडून ठेवले होते. आजचा लुआऊ, ज्यात सगळेच एका जागी बसून सगळेच खातात, तो या मेजवानीपासून सुरू होतो. अळूच्या कोवळ्या पानांच्या पदार्थावरून त्याला आजचे नाव मिळाले ते नंतर.

तिकिटाच्या लुआऊची सुरुवात नीटनेटकी होती. गळ्यात माळ घातली गेली, छायाचित्र काढले गेले आणि हातात माय ताय नावाचे पेय आले. हे पेय हवाईचे नसून १९४४ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये जन्मल्याचे सांगतात. लांबच लांब टेबलांवर दीडदोनशे माणसे बसली. सूर्य कलला तेव्हा निवेदकाने सर्वांना इमूपाशी बोलावले. इमू म्हणजे जमिनीतली भट्टी. दोन तगड्या तरुणांनी वाळू आणि गोणपाटे बाजूला केली, पाने उचलली, वाफेचा लोट उठला आणि आख्खे डुक्कर बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पाच-सात मिनिटांत सारे आटोपले. एवढ्या माणसांना पुरणारे मांस त्या एका खड्ड्यातले नव्हे, ते स्वयंपाकघरात शिजले होते, हे उघडच होते आणि निवेदकानेही ते लपवले नाही.

जेवण मांडून ठेवलेले होते. मिठात शिजलेले, तंतू सुटलेले कालुआ डुक्कर, पोई, टोमॅटो-कांद्यात कुस्करलेला लोमी सामन, नारळाच्या दुधाच्या घट्ट वड्या म्हणजे हाउपिया, भात, अननस असे बरेच काही होते. सामन मासा हवाईच्या समुद्रात मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात व्यापारी जहाजांतून तो खारवून पिपांतून येई आणि तेव्हापासून तो इथल्या पानात कायमचा बसला. पत्नी शाकाहारी असल्यामुळे तिच्या वाट्याला भात, रताळे, पोई आणि हाउपिया आले. पोई म्हणजे शिजवून कुटलेला अळूचा कंद. तो जांभळट, लापशीसारखा चिकट असतो. शेजारच्या टेबलावर एका गृहस्थांनी तो चाखून चमचा खाली ठेवला आणि “भिंतीला कागद चिकटवायची खळ,” असे म्हणाले. पर्यटकांचा हा विनोद हवाईत फार जुना आहे आणि वाढणाऱ्या मुलीने तो हजाराव्यांदा ऐकल्यासारखे शांतपणे ऐकून घेतला.

नाचाचा कार्यक्रम दीड तास चालला. त्यात ताहितीचा कंबर हलवणारा वेगवान नाच होता, न्यूझीलंडच्या माओरींचा ‘हाका’ नावाचा युद्धनाच होता आणि शेवटी सामोआचा पेटत्या सुऱ्यांचा खेळ होता. त्यालाच सर्वाधिक शिट्ट्या मिळाल्या. हवाईचा म्हणावा असा हुला मधे कुठेतरी होता. त्यातला जुना प्रकार, म्हणजे भोपळ्याच्या ‘इपु’ वाद्यावर हाताने ताल देत, मंत्रासारख्या पठणावर केलेला हुला, आला तेव्हा निम्मे लोक गोडाच्या रांगेत उभे होते. मला मात्र त्या दहा मिनिटांसाठी तिकीट वसूल झाले असे वाटले. १८३० साली काआहुमानुने, मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली, जाहीर हुलावर बंदी घातली होती. पुढे डेव्हिड कालाकाउआ राजाने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकात तो उघडपणे नाचवून घेतला, म्हणून तो टिकला. हा कालाकाउआ १८८१ मध्ये जगप्रवासाला निघाला असता कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईलाही आला होता. हुलाच्या साथीला असलेल्या युकुलेले या छोट्या तंतुवाद्याचे म्हणाल तर १८७९ साली मदीरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या गिटारवरून ते इथे घडले.

परतताना पत्नी म्हणाली, “छान होतं हो, पण आपल्याबरोबर जेवलं कोण?”

शुक्रवार

सकाळी वाइपिओ दरीच्या कड्यावर गेलो. दरीत उतरणारा अतितीव्र उताराचा रस्ता २०२२ पासून पर्यटकांसाठी बंद आहे, त्यामुळे वरून पाहण्यावरच समाधान मानावे लागते. पण दिसते ते पुरेसे आहे. काळ्या वाळूचा किनारा, उभे हिरवे कडे आणि तळाशी पाण्याने भरलेल्या अळूच्या खाचरांचे चौकोन. कालो, म्हणजे अळू, ही जुन्या हवाईची मुख्य शेती होती. पॉलिनेशियन खलाशांनी जोडनौकांतून हे कंद, केळी, नारळ, ऊस, विलायती फणस आणि हळदसुद्धा बरोबर आणली. हवाईत हळदीला ओलेना म्हणतात आणि शुद्धीच्या विधीत ती अजूनही पाण्यात कालवून शिंपडतात.

अळूचे इथले स्थान निव्वळ पिकाचे नाही. इथल्या पुराणकथेत आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले आणि जिथे पुरले तिथे कालोचे रोप उगवले. दुसरे मूल हालोआ हा हवाईयन लोकांचा पूर्वज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ आणि माणूस धाकटा. थोरल्याने पोसायचे आणि धाकट्याने त्याची निगा राखायची. या नात्यामुळे पोईचे भांडे उघडे असताना घरात भांडायचे नाही, असा दंडक आहे. गोष्ट मला ठाऊक होती, पण तिचा उपयोग कसा होतो हे दुसऱ्या दिवशी पाहायला मिळाले.

दुपारनंतर आम्ही शेजारी कामाला गेलो. पाहुण्यांनी हात चालवणे तिथे गृहीतच धरतात. मागच्या आवारात पुरुष खड्डा साफ करीत होते, तर गॅरेजमध्ये लांब टेबलाभोवती बायका लाउलाउ बांधत होत्या. मांसाचा आणि मासळीचा तुकडा अळूच्या चार-पाच पानांत गुंडाळायचा, त्यावर ‘ती’ झाडाची दोन लांब पाने उलटसुलट घालून देठाने गाठ मारायची आणि तीन-चार तास वाफवायचे. खाताना ‘ती’ची पाने टाकून द्यायची असतात. पत्नीला आंटींनी काही विचारण्याआधीच तिने अळूचे देठ सोलायला घेतले आणि शिरा काढून पाने एकावर एक रचली. आंटी काही काळ बघत राहिल्या. मग दोघींमध्ये घशाला खाज सुटू नये म्हणून काय करावे याची चर्चा सुरू झाली, कारण अळूतल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया इथेही तितक्याच टोचतात. पत्नी चिंचेचा कोळ घालते, आंटी काहीच आंबट घालत नाहीत, फक्त तासन्‌तास शिजवतात. “घाई केलीस तर तो तुला सांगतोच,” आंटी घशाला हात लावून म्हणाल्या. तिच्यासाठी त्यांनी रताळे आणि विलायती फणस घातलेले वेगळे लाउलाउ बांधले आणि ओळखू यावे म्हणून त्यांच्या गाठींना लाल दोरा लावला.

शनिवार

इमू पेटवायचा होता पहाटे तीनला. मी उठून गेलो तेव्हा धुके इतके होते की अंकलच्या डोक्यावरचा दिवा आधी दिसला आणि अंकल नंतर. कमरेइतका खोल, उतरत्या कडांचा खड्डा. तळाशी किआवेची लाकडे रचलेली, म्हणजे वेड्या बाभळीच्या जातीचे काटेरी, जड आणि मंद जळणारे लाकूड. त्यांच्यावर डोक्याएवढे दगड. दगड सच्छिद्र, कोरड्या लाव्हाचेच लागतात. ओढ्यातला गुळगुळीत दगड आत पाणी धरून असतो आणि तापला की फुटतो. एका नातलगाने तसला एक दगड उचलून आणला, तो अंकलनी काही न बोलता कुंपणापलीकडे टाकून दिला. पेटवण्याआधी सर्वांनी हात धरून प्रार्थना म्हटली, अर्धी हवाईयन भाषेत आणि अर्धी ख्रिस्ती वळणाची.

दोन-अडीच तासांत लाकडे बसली आणि दगड आधी काळे, मग राखाडी, मग कडेने लाल झाले. त्यानंतर जे झाले ते भराभर, कारण उष्णता वाया घालवायची नसते. लांब दांड्याच्या फावड्याने दगड सारखे केले. केळीचे खांब आदल्या दिवशीच कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचून ठेवले होते. ते अंथरताच चर्र असा आवाज होऊन पांढरी, हिरव्या वासाची वाफ उठली. सारी वाफ या खांबांतल्या पाण्याची असते, वेगळे पाणी घालत नाहीत. त्यावर ‘ती’ची पाने. मिठाने चोळलेल्या डुकराच्या पोटात आणि खांद्यांच्या खाचांत चिमट्याने तापलेले दगड भरले आणि बाहेर काढताना मांस सुटून पडू नये म्हणून ते जाळीत गुंडाळून चौघांनी खाली उतरवले. भोवती लाउलाउ, रताळी आणि विलायती फणस लावून वर पुन्हा पाने, ओली गोणपाटे, ताडपत्री आणि शेवटी माती घातली. अंकल कडेने फिरून जिथे वाफेची रेघ दिसेल तिथे फावडेभर माती टाकून ती बुजवत होते. असा अर्धा तास गेला. मग ते खुर्चीत बसले आणि आठ तास कोणी काही करायचे नव्हते.

पहिल्या वाढदिवसाचा लुआऊ हवाईत लग्नाइतकाच मोठा असतो. परकीयांबरोबर आलेल्या गोवर, देवी, इन्फ्लुएन्झा अशा रोगांनी एकोणिसाव्या शतकात इथली माणसे इतकी गेली की १८९० च्या जनगणनेत हवाईयन रक्ताचे जेमतेम चाळीस हजार उरले. ज्या काळात तान्ही मुले वर्षही गाठत नसत, त्या काळात पहिला वाढदिवस गाठणे हीच गाव जेवू घालण्यासारखी बाब होती. राजे-रजवाड्यांचे लुआऊ तर याहून अफाट. १८४७ मध्ये तिसऱ्या कामेहामेहाने ओआहू बेटावर नुउआनु दरीत दिलेल्या मेजवानीच्या यादीत २७१ डुकरे, ६०२ कोंबड्या, ४८२ मोठे भोपळे भरून पोई, २,२४५ नारळ आणि अळूचे ४,००० कंद नोंदलेले आहेत. अंकलकडे एक डुक्कर होते आणि तेही पाहून आंटींना पुरेल की नाही याची काळजी लागली होती.

चारच्या सुमारास इमू उघडला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, सगळे फक्त जवळ सरकले. जाळी उचलताच मांस हाडांवरून आपोआप सुटत होते आणि ओल्या माती-धुराचा वास अंगणभर पसरला. दोघे मेहुणे हात गार पाण्यात बुडवून मांस तोडू लागले आणि मीठ पुन्हा शिंपडू लागले. टेबलांवर कालोबरोबरच येणाऱ्यांनी आणलेला मॅकरोनी सॅलड, फिलिपिनो शेवया, जपानी भाताच्या वड्या, कच्च्या माशाचे पोके आणि चिनी वळणाचे काचेसारख्या पारदर्शक शेवयांतले कोंबडीचे कालवण असे सगळे होते. म्हणजे सरमिसळ इथेही होतीच, गुरुवारपेक्षा जास्तच. त्यामुळे तिकिटाच्या लुआऊला ‘खोटा’ म्हणण्याचा माझा अर्धामुर्धा बेत इथे गळून पडला. फरक दुसरीकडे होता. पहाटे खड्ड्यात उतरलेले, गाठी मारलेले, वाढणारे आणि थोड्या वेळाने गाणारे सगळे जण आमच्याच बाकांवर बसून जेवत होते.

माझ्या समोर बसलेल्या तरुणाच्या सदऱ्यावर उलटा हवाईयन झेंडा छापलेला होता. हवाईयन लोक पवित्र मानतात त्या मावना केआवर तीस मीटर आरशाची दुर्बीण उभारू नये म्हणून २०१९ मध्ये पर्वताच्या रस्त्यावर जे महिनोन्‌महिने बसले होते, त्यांच्यापैकी तो एक. त्या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका ही त्यातली एक संस्था. पुतण्याचे पोट तर त्या पर्वतावरील दुर्बिणींवरच चालते. पुतण्याने माझी ओळख ‘पुण्याचे काका’ अशी करून दिली. त्या तरुणाने मान हलवली, पुतण्याकडे पाहिले, आणि दोघेही मधल्या पोईच्या उघड्या भांड्याकडे पाहून हसले. “झाकण लागल्यावर बोलू,” तो म्हणाला आणि भांडे माझ्याकडे सरकवले. ही पोई दोन दिवस आंबवलेली होती, किंचित आंबट, खारट मांसाबरोबर अगदी जुळणारी. दोन बोटांनी उचलायची की तीन यावरून तिचा दाटपणा ठरतो. ही दोन बोटांची होती.

पत्नीच्या लाल दोऱ्याच्या पुडीतील अळू लोण्यासारखा मऊ शिजला होता. घसा खाजला नाही, हे तिने मुद्दाम जाऊन आंटींना सांगितले.

संध्याकाळी युकुलेले आणि गिटार निघाली. बाळाची पणजी, वय ऐंशीच्या पुढचे, खुर्चीतून उठली आणि जागच्या जागी, केवळ हातांनी, एक हुला नाचली. त्यात पाऊस होता, डोंगर होता आणि मूल होते, एवढे मलाही वाचता आले. बाळ तोवर आजोबांच्या खांद्यावर झोपी गेले होते. मग सुनांनी तिला साथ दिली, मग मुलांनी, आणि पुतण्याच्या बायकोनेही, जी इथे आठवड्यातून एकदा हुला शिकायला जाते. तो उलट्या झेंड्याचा तरुण आणि पुतण्या त्या वेळी बाहेर गाडीपाशी उभे राहून बोलत होते. आवाज चढलेले होते, पण दोघांच्याही हातात थाळ्या होत्या.

रविवार

निघण्याआधी अंकलकडे निरोप घ्यायला गेलो. खड्डा बुजवलेला होता आणि दगड पुढच्या वेळेसाठी पत्र्याखाली रचून ठेवले होते. लुआऊहून कोणालाही रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. आंटींनी चांदीच्या वर्खी कागदात बांधलेले दोन डबे दिले. एकात माझ्यासाठी कालुआ, दुसऱ्यात हाउपिया आणि राहिलेली लाल दोऱ्याची लाउलाउ. पत्नीला अळूचा एक कंदही हवा होता, परंतु बेटावरून मुख्य भूमीकडे जाताना शेतमालाची तपासणी होते आणि ताज्या फळाभाज्यांवर बरेच निर्बंध आहेत, म्हणून आंटींनीच तो परत ठेवला. शिजवलेल्या अन्नाला हरकत नसते. कोनाच्या विमानतळावर यंत्रातून डबे गेले, तपासनीस बाईंनी एकाचे झाकण उघडून वास घेतला, “कोणाचा वाढदिवस?” असे विचारले आणि झाकण लावून दिले. विमानाला तासभर उशीर होता. आम्ही दोघांनी तिथेच वाऱ्यात बसून ते डबे संपवले.